पैसे ती देते

पेट्रोल लिफ्टवाल्यांनी भरायचं आणि पैसे बायकोने द्यायचे, हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच ठरून गेलं होतं. ठरलं म्हणजे काय, कोणी बसून ठरवलं नव्हतं. त्या पंपावर पेट्रोल आपलं आपण भरून घ्यायचं आणि मग आत दुकानात जाऊन गल्ल्यावर पैसे द्यायचे, अशी पद्धत. तुमच्या हातांना वास येतो, तो नोटांना लागतो, असं तिचं म्हणणं. खरं कारण निराळंच होतं. तिला गल्ल्यावरच्या बाईशी गप्पा मारायच्या असत. एक्केचाळीस वर्षांत गाडी दोनदा बदलली, पंपाचा रंग तीनदा बदलला, गल्ल्यावरच्या बाया तर किती आल्या नि गेल्या, पण गप्पांत काही फरक पडला नाही. हिच्या गुडघ्याचं काय झालं, तिच्या जावेचं काय झालं, सगळं विचारून, ऐकून, वर आपलं चार शब्दांचं शहाणपण देऊन मगच ती बाहेर यायची. तोवर लिफ्टवाले गाडीत बसून. चिडायचे? छे! एकदा चिडून पाहिलं होतं, तर पुढच्या खेपेला तिने मुद्दाम दुप्पट वेळ लावला. मग त्यांनी तो नाद सोडला.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी वस्तीत सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. माणूस अबोल. आयुष्य उंच इमारतींच्या पोटात, दोरांच्या शेजारी उभं राहण्यात गेलं, तिथे बोलणार कोणाशी? पण एक गोष्ट त्यांना फार आवडायची, आणि ती त्यांनी बायकोखेरीज कोणाला सांगितली नव्हती. लिफ्टचं दार मिटलेलं आहे आणि पुढच्या मजल्याचं अजून उघडलेलं नाही, तो मधला वेळ. तेवढ्यात माणूस कुठेच नसतो. खाली नाही, वर नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. पंपावर बायकोची वाट बघणं त्यांना अगदी तसंच वाटे. काच चार बोटं खाली केलेली, बाहेर सकाळचं धुकं, दुकानाच्या काचेआड तिची हलणारी पाठ. मग शेजारचं दार वाजायचं. ती धप्पकन बसायची, "चला" म्हणायची, आणि लिफ्टवाले किल्ली फिरवायचे. तिने "चला" म्हटल्याशिवाय त्यांनी त्या पंपावरून कधी गाडी हलवली नाही.

सात महिन्यांपूर्वी ती गेली. आठ दिवसांचं दुखणं, आणि गेली.

आता इथे कोणीतरी पटकन म्हणेल की म्हातारा विसरला असेल ती गेल्याचं. अजिबात नाही! लिफ्टवाले सकाळी उठून एकाच कपाचा चहा टाकत होते. तिच्या साड्या त्यांनी स्वतः घड्या घालून लेकीकडे दिल्या होत्या. रात्री पलंगाच्या कडेवरच झोपत होते, मधे सरकत नव्हते, हे खरं, पण ती तिथे नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरात ती नव्हती, बाजारात नव्हती, दवाखान्याच्या रस्त्यावर तर नव्हतीच नव्हती.

पंपावर मात्र ती आत गेली होती. एवढंच.

ती गेल्यापासून गाडी दारातच उभी असायची, पंपावर जायची वेळच आली नव्हती. पहिल्यांदा झालं ते एका बुधवारी. धुकं इतकं दाट, की दुकानाचा दिवा कापसात गुंडाळल्यासारखा दिसत होता. लिफ्टवाल्यांनी पेट्रोल भरलं, नळी जागेवर लावली, टाकीचं झाकण फिरवलं, हात पुसले आणि गाडीत येऊन बसले. काच चार बोटं खाली केली. आणि बसल्या बसल्या त्यांना फार बरं वाटायला लागलं. किती महिन्यांनी! छातीवरचं काहीतरी कोणी हळूच उचलून बाजूला ठेवलं. आत काहीतरी गप्पा रंगल्या असणार, असं वाटलं. असंच वाटलं, त्याला काय करणार? तिला लागतो तेवढा वेळ ते बसले. मग हात लांब करून त्यांनी शेजारचं दार उघडून दिलं, जरा थांबले, दार ओढून घेतलं. कानाशी "चला" आलं. ते निघाले.

कालव्याकाठचा रस्ता होता. दोन्ही बाजूंची झाडं धुक्यात अर्धी अर्धी उभी. पाणी दिसत नव्हतं, पण पाण्यावरून येणारा गारवा काचेतून आत येत होता. आणि ती बोलत होती. शब्द सगळे नीट लागत नव्हते, जसे तेव्हाही लागत नसत. लिफ्टवाले आपले "हं" म्हणत होते, मधेच "असं का?" म्हणत होते. त्यांना आठवलं की बायको बोलत असली की रस्ता कधी संपला ते कळत नाही. घराच्या वळणावर धुकं विरलं, तसा आवाजही विरला. ते घरात गेले आणि त्या दिवशी दोन वेळा पोटभर जेवले.

आणखी दोनदा असंच झालं. तीन आठवड्यांत तीन वेळा. पेट्रोल लवकर लागावं म्हणून ते कारण नसताना लांब लांब हिंडून यायचे. टाकी रिकामी होत आली की यांचा चेहरा खुलायचा.

मग पंपाचं पत्र आलं. पैसे न देता तीन वेळा निघून गेलात, गुरुवारी सकाळी दहाला या, पोलीसही असतील. पत्र नेमकं लेकीच्या हाती पडलं, कारण ती त्या दिवशी आलेली. लेक एका शाळेची मुख्याध्यापिका. तिने पत्र दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे काय?"

"चुकलंय त्यांचं काहीतरी," लिफ्टवाले म्हणाले. "पैसे दिलेत."

गल्ल्यामागच्या खोलीत चार खुर्च्या, एक टेबल, कोपऱ्यात इंजिन ऑइलच्या डब्यांची चळत आणि भिंतीला पंपावरच्या कॅमेऱ्याचा एक पडदा होता. गल्ल्यावरची बाई बिचारी उभीच होती, तिनेच काही गुन्हा केल्यासारखी. पोलीसबाई बसली होती. वय लेकीएवढंच, आवाज मऊ, पण फिरवाफिरवी नाही.

"काका, पैसे दिलेत म्हणता. कोणी दिले?"

"कोणी म्हणजे? हिनेच..." लिफ्टवाले म्हणाले, आणि थांबले.

लेकीने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पोलीसबाईने गल्ल्यावरच्या बाईला खूण केली, तशी तिने पडदा सुरू केला.

चित्र होतं, आवाज नव्हता. धुक्यातली राखाडी गाडी, त्यातून उतरणारा एक वाकलेला माणूस. आपण इतके वाकलोय? लिफ्टवाल्यांना खरंच ठाऊक नव्हतं. माणसाने पेट्रोल भरलं. हात पुसले. गाडीत बसला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. नुसतं धुकं सरकत होतं. पोलीसबाईनेही चित्र पुढे पळवलं नाही. मग गाडीतला माणूस आडवा झाला, शेजारचं दार आतून लोटून उघडलं आणि हसला. पडद्यावर ते हसू स्पष्ट दिसलं. कोणासाठी तरी जागा करावी तशी त्याने सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली. दार ओढलं. शेजारी बघून बोलत बोलत तो गाडी घेऊन निघून गेला.

"आई गं," लेक हळूच म्हणाली.

लिफ्टवाल्यांना लाज वाटली नाही. त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला.

पोलीसबाईने दोन कागद टेबलावर ठेवले. "काका, नीट ऐका. हा पहिला. यात तुम्ही म्हणता की जाणूनबुजून पैसे न देता गेलो. पैसे भरायचे, वर दंड भरायचा, नोंद होईल, विषय संपला. हा दुसरा. यात म्हणता की भान राहिलं नाही. मग दंड नाही, पण डॉक्टरकडे तपासणी. आणि तोवर लायसन्स आणि किल्ली जमा. खरं सांगते, या वयात ती परत मिळत नाहीत."

"दुसरा," लेक म्हणाली. "विचारायचं काय त्यात?"

"पहिला," लिफ्टवाले म्हणाले.

"बाबा!"

"मी चोरी केली."

लेक बघतच राहिली. ज्या माणसाने अडतीस वर्षांत कामावरचा एक स्क्रू घरी आणला नाही, तो ताठ बसून सांगत होता की चोरी केली. आणि सांगताना मजेत दिसत होता!

"का केलीत?" पोलीसबाईने विचारलं.

"महागाई."

"तीन वेळा?"

"पहिल्यांदा जमलं, मग चटक लागली."

गल्ल्यावरच्या बाईला हसू आवरेना, ती तोंड फिरवून डब्यांकडे बघू लागली. लेकीला मात्र रडू येत होतं, आणि तिला रडू आलं की राग येतो, हे आईवर गेलेलं. "तुम्हाला गाडी हवी आहे म्हणून हे सगळं! कोणाला धडकलात म्हणजे? आणि आईचा तरी विचार करा. सुटे दोन जास्त आले तर परत द्यायला अर्ध्या रस्त्यातून वळणारी बाई ती. तिला चोराची बायको करून ठेवताय?"

हे मात्र लागलं. लिफ्टवाल्यांचं ताठपण जरा सैल झालं. पण किल्ली खिशात होती, तिच्यावर हात होता, आणि गाडीखेरीज बायको आता दुसरीकडे कुठेच भेटत नव्हती. चोर तर चोर. त्यांनी पेन उचललं. जाणूनबुजून, यावर खूण केली. तारखा लिहिल्या. शेवटी एक रकाना उरला. त्या वेळी गाडीत आणखी कोण होते?

"तिथे कोणी नाही असं लिहा, काका, आणि सही करा," पोलीसबाई म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी पेन टेकवलं. 'को' लिहिला. आणि पुढे हात जाईना.

बाहेर पंपावर कोणी नळी अडकवल्याचा आवाज आला. एक गाडी आली, एक गेली. खोलीतल्या तिघी बायका थांबून राहिल्या. महागाई म्हणताना जीभ अडखळली नव्हती, चोर म्हणवून घेताना काही वाटलं नव्हतं, आणि हे दोन शब्द लिहिता येईनात! आपल्याच अक्षरात, आपल्याच सहीच्या वर, ती नव्हती असं लिहायचं. मग गाडी राहील. किल्ली राहील. पुढच्या बुधवारी ते पेट्रोल भरतील, काच चार बोटं खाली करतील, आणि शेजारी कोणी नसेल, कारण त्यांनीच तसं लिहून दिलेलं असेल. नवऱ्यानेच लिहून दिल्यावर ती कशाला येईल? तिचा मानी स्वभाव त्यांना माहीत नव्हता थोडाच.

त्यांनी कागद बाजूला सारला.

"बाई, दुसरा द्या."

"काका, गाडी जाईल."

"जाऊ दे."

दुसरा कागद त्यांनी सावकाश भरला. भान राहिले नाही, यावर खूण केली. शेवटचा रकाना इथेही होता. त्यात त्यांनी शाळेतल्या मुलासारखं वळणदार अक्षर काढून लिहिलं, 'बायको'. खाली सही केली. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि हात काढून घेतला. तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, तेव्हा गुडघ्यावर ठेवला.

पोलीसबाईने कागद वाचला. काही खोडलं नाही, काही विचारलं नाही. शिक्का मारून तो लेकीपुढे केला, कारण घरच्या माणसाचीही सही लागत होती.

लेकीने वाचायला घेतला आणि शेवटच्या ओळीवर अडकली. इतका वेळ तावातावाने बोलणारी मुख्याध्यापिका, तिने त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग ती हळूच, लहानपणी विचारायची तशी म्हणाली,

"बाबा, काय बोलत होती?"

"कोण?"

"आई. गाडीत."

लिफ्टवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. थट्टा करते आहे का, ते बघितलं. नव्हती करत.

"दुसरं काय बोलणार?" ते म्हणाले. "तुझंच. पोर फोन करत नाही, म्हणत होती. कामात असेल गं, मी म्हटलं. तर म्हणाली, कामात कोण नसतं?"

लेकीने सही केली. कागदावर दोन थेंब पडले ते पदराने टिपले, तरी शाई थोडी पसरलीच. वडिलांचा गुडघ्यावरचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

"सांगा तिला," ती म्हणाली, "करीन म्हणावं."