रिव्हर्स गिअरमधला नवरदेव

बाबांनी दुसरं लग्न करायचं ठरवलं, तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "कान्छी, तुला राग लग्नाचा आलाय की मी तुला शेवटी सांगितलं त्याचा?"

"शेवटी सांगितलं त्याचा," मी म्हटलं. "अख्ख्या मानेभंज्यांग गावाला माहीत होतं. भाजीवालीने माझं अभिनंदन केलं. मला कळेचना, कशाबद्दल!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिथेच माझा राग संपला. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. मी सुखियापोखरीला शाळेत शिकवत होते, शनिवार-रविवार घरी यायचे. बाकीचे पाच दिवस ते स्वतःच भात शिजवायचे आणि भांड्यातूनच खायचे.

डोमा शेर्पा वर कालपोखरीला राहायची. वाटसरूंना उतरायला तिची सहा खोल्यांची जागा होती. बाबा एकोणीस वर्षं तिच्याकडे तांदूळ, बटाटे, रॉकेल पोचवत होते. डोमाचा नवराही कधीचाच वारला होता. बाबांची गाडी कायाकाटाचं वळण घेते तेव्हा गिअरचा रडका सूर दरी ओलांडून तिच्या अंगणात पोचायचा, आणि ती चहाचं आधण ठेवायची. "तुमच्या गाडीमुळे माझा चहा कधी वाया गेला नाही," असं ती एकदा म्हणाली होती. बाबांच्या लेखी त्या दिवशीच सगळं ठरलं.

आता त्या गाडीबद्दल. आमच्या स्टँडवर तेव्हा चाळीसेक लँड रोव्हर होत्या, पण आमची सगळ्यांत म्हातारी, एकोणीसशे एकोणपन्नासची. आजोबांनी ती चहाच्या मळ्यातल्या साहेबाकडून घेतली होती. लढाई नुकतीच संपली होती, लोखंड मिळत नव्हतं, म्हणून अंग अॅल्युमिनियमचं केलं आणि विमानांचा उरलेला हिरवा रंग फासला, असं आजोबा सांगायचे. तिचे दिवे जाळीच्या मागे दडलेले. नवी नवरी पदराआडून बघते तशी ती बघायची.

बाबांचा जिवलग मित्र आणि जन्माचा वैरी म्हणजे फुर्बा काका. त्यांची गाडी त्र्याहत्तरची. दोघं स्टँडवर रोज सकाळी चहा पिता पिता भांडायचे, आणि त्यांच्या भांडणातूनच मला या गाडीच्या सगळ्या पिढ्या पाठ झाल्या.

"अठ्ठावन्न साली अक्कल आली कंपनीला," फुर्बा काका म्हणायचे. "गाडी रुंद केली, कुशी गोल केल्या. तोवर काय, चाकं लावलेली पत्र्याची पेटी!"

"पेटीच चांगली. तुझ्या गाडीचं पोट सुटलंय, तुझ्यासारखंच."

"दिवे बघ माझे. दोन्ही खांद्यांवर, ऐटीत. तुझ्या गाडीचे डोळे नाकाला चिकटलेत."

"आणि जाळी? तुझी प्लास्टिकची. माझी जाळी काढून तिच्यावर मकई भाजता येते. तुझ्या जाळीवर भाजून दाखव!"

"माझे चारही गिअर लोण्यासारखे पडतात, हर्कमान. तुला पहिला टाकायचा तर दोनदा क्लच दाबून देवाचं नाव घ्यावं लागतं."

"म्हणून तर मी धार्मिक राहिलो."

लग्न मार्गशीर्षातलं. आभाळ असं स्वच्छ की वर कांचनजंघा ओंजळीत घ्यावी इतकी जवळ दिसत होती. लामांनी सांगितलं होतं, दुपारी बाराच्या आत नवरदेव दारात हवा. वरात दोन गाड्यांची. फुर्बा काकांच्या गाडीत आमच्या दोन फुपू, म्हणजे आत्या, ढोलवाले, तांदळाच्या गोड सेलरोटीच्या टोपल्या आणि नाचणीच्या दारूचे, जाँडचे, दोन हंडे. आमच्या गाडीत बाबा चालवायला, शेजारी मी, मागे उघड्या हौद्यात डोमासाठी घेतलेली नवी गादी. नवरदेवाने स्वतःच गाडी चालवावी का, यावर फुपूंनी वाद घातला होता. बाबा म्हणाले, "माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात चालत नाही." मला त्यांनी सोळाव्या वर्षी गाडी शिकवली होती, पण ती सपाटीवर. चढ कधी दिला नव्हता.

रस्ता तेव्हा नुसत्या दगडांचा होता, तुम्ही म्हणाल तेवढ्या मोठ्या दगडांचा. चित्रे, मेघमा, तुमलिंग सुखरूप झालं. गैरीबासला चहा झाला. तिथून कायाकाटापर्यंतचा चढ म्हणजे भिंतच. दुसऱ्या वळणावर मागून 'टणक्' असा आवाज आला. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. मी उडी मारून चाकामागे दगड लावला.

बाबा खाली उतरले. अंगात लग्नाचा दौरा-सुरुवाल, डोक्यावर कोरी ढाका टोपी, आणि तशाच वेषात ते गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा टोपीवर ग्रीस होतं.

"मागचा अॅक्सल तुटला," ते म्हणाले. "डावा."

पुढे गेलेले फुर्बा काका चालत मागे आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. "माझ्याकडे जादा अॅक्सल आहे," ते म्हणाले. "कोराच आहे. हा घे, लग्नाचा आहेर समज."

तुटका दांडा बाहेर काढून दोन्ही तुकडे गोणपाटावर जोडून ठेवले. शेजारी फुर्बा काकांचा अॅक्सल ठेवला. तो लांब निघाला. पाऊण इंचाने, फार नाही.

सगळे त्या पाऊण इंचाकडे बघत राहिले.

"बघ," बाबा हळूच म्हणाले. "अठ्ठावन्न साली रुंद केली नसती तर आज बसला असता."

"चूक माझी का?" फुर्बा काका भडकले. "तू अठ्ठावन्ननंतरची घेतली असतीस तर आज बसला असता!"

थोरली फुपू वरून ओरडली, "लग्न आज आहे की गाड्यांचा बाजार?"

मग फुर्बा काकांनी दोर बांधून ओढायचं ठरवलं. त्यांची गाडी भरलेली, खालचे दगड सुटे. दहा हातांवर दोर तुटला. ते म्हणाले, "हर्कमान, सोड ही गाडी इथे. माझ्या शेजारी बस. ढोलवाले चालत येतील."

बाबांनी टोपी काढली, ग्रीसचा डाग पुसायला गेले, तो आणखी पसरला. आई गेली त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. आज त्यांना एवढंच हवं होतं, की पलीकडे तो गिअरचा सूर ऐकू यावा.

"बाबा," मी म्हटलं, "पुढची चाकं तर फिरतात ना?"

"फिरतात. पण चढावर नाक हलकं होतं. सगळं वजन मागे जातं. पुढची चाकं नुसती खडी उडवतील."

"मग नाक खाली ठेवू. गाडी उलटी वर न्यायची, रिव्हर्समध्ये. वजन पुढच्या चाकांवर येईल."

फुर्बा काका हसले. "शाळेत हेच शिकवता का?" मग एकदम थांबले. "थांब हं. अरे, रिव्हर्सला पुढच्या चाकांना जोर मिळतो का तुझ्या गाडीत?"

बाबांचे डोळे मोठे झाले. "एरवी मिळत नाही. पायाजवळची कडी ओढली की मिळतो."

त्या अगदी पहिल्या गाड्यांना चालकाच्या पायाशी साखळीला एक कडी असते. ती ओढून अडकवली की पुढच्या चाकांना पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्हीकडे जोर मिळतो. पुढच्या काळातल्या गाड्यांत ती काढून टाकली आणि तिच्या जागी गिअरसारखे दांडे आले. फुर्बा काकांनी ती कडी पूर्वी कधी नीट पाहिलीही नव्हती. आता वाकून, मान आत घालून बघत म्हणाले, "बैलाची वेसण आहे ही!"

चाक जागेवर राहावं म्हणून अॅक्सलचा बाहेरचा तुकडा परत बसवला. ढोलवाल्यांनी ढकलून गाडी वळवली. आता खरी अडचण आली. तीस वर्षं याच रस्त्यावर हादरे खाऊन बाबांची मान आखडलेली होती. त्यांना मागे वळून बघता येत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"बस," ते म्हणाले.

"चढ आहे, बाबा."

"दिसतोय मला चढ. बस म्हणतो ना."

मी बसले. कडी ओढली, अडकवली. बाबा मागच्या हौद्यात गादीवर उभे राहिले, मागच्या लोखंडी कमानीला धरून, तोंड चढाकडे करून. मी मान वळवून बघत होते, आणि मला रस्त्याआधी त्यांची पाठच दिसत होती.

"उजवीकडे! तुझ्या उजवीकडे नाही, माझ्या!"

"दोघांची उजवी वेगळी कशी, बाबा? मी पण मागेच बघतेय ना!"

"वाद घालू नकोस, दगड बघ!"

पहिल्यांदा चाकं घसरली. दुसऱ्यांदा धरली. इंजिन कण्हत होतं, गिअर रडत होता, आणि गाडी वीत वीत करत वर सरकत होती, बाजारातून मागे सरकत निघालेल्या खेचरासारखी. ढोलवाले दोन्ही बाजूंनी दगड घेऊन चालत होते, चाक थांबलं की दगड लावायचे. मधल्या एका वळणावर डाव्या चाकाखाली कडाच होता. माझे हात घामाने ओले झाले, स्टीअरिंग निसटायला लागलं. बाबा वळून न बघता म्हणाले, "कान्छी, घाई नाही. डोमा थांबेल. तू श्वास घे."

मी श्वास घेतला. गाडी वळली.

कायाकाटाला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. फुर्बा काकांनी गाडीतून उतरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "हर्कमान, गाडी म्हातारी आहे, पण चालक त्र्याहत्तरनंतरचा मिळालाय." पुढचा रस्ता सपाट होता. गाडी सरळ केली, बाबा शेजारी येऊन बसले, पण चालवायला मागितली नाही. मीही विचारलं नाही.

डोमाच्या अंगणाआधी पुन्हा एक आखूड चढ आहे. तिथे परत गाडी उलटी केली, बाबा पुन्हा मागे गादीवर चढले. त्यामुळे झालं असं, की गिअरचा सूर ऐकून डोमा आणि पन्नास माणसं स्वागताचे रेशमी खादा घेऊन अंगणात उभी होती, आणि त्यांना आधी दिसलं ते गाडीचं ढुंगण. त्यावर नव्या गादीवर ताठ उभा असलेला, ग्रीसच्या टोपीतला नवरदेव.

डोमाने कमरेवर हात ठेवले. "राई दाजू," ती म्हणाली, आमच्या आडनावापुढे 'दादा' लावायची तिची जुनी सवय, "लग्नाला आलात की रुसून परत चाललात?"

हशा पिकला तो थांबेना. लामासुद्धा पोथीआड तोंड लपवून हसत होते. बाबा उतरायला गेले, गादीत पाय अडकला, आणि डोमाने त्यांना दंडाला धरून सावरलं. तो दंड तिने पुढे विधी होईपर्यंत सोडला नाही.

जेवताना ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हाताला पडलेले फोड बघितले, याकचं लोणी आणून चोळलं. "मला काय म्हणशील?" तिने विचारलं. मी म्हटलं, सानीमा म्हणेन. धाकटी आई. तिने मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी तीन मोमो टाकले.

फुर्बा काकांनी नंतर सिलिगुडीला एका लेथवाल्याकडून आमच्या मापाचा अॅक्सल करून आणला. बाबांनी तो तीन वेळा मोजला.

ते आता वर कालपोखरीलाच राहतात. गाडी मात्र खाली स्टँडवर असते, कारण शनिवारी-रविवारी मी ती प्रवासी घेऊन भाड्याने वर नेते. परवा कोलकात्याहून आलेले एक आजोबा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "पोरी, ड्रायव्हर कुठे गेलाय?" मी त्यांची बॅग हौद्यात टाकली, दार उघडून त्यांना बसवलं आणि म्हटलं, "घट्ट धरून बसा, आजोबा. चित्रेपर्यंत बोलू नका, जीभ चावली जाते."