उजेडातला दिवा

“एवढ्या उजेडात दिवा कायले लावून राहिली वं?”

सासूबाईंनी ओसरीवजा सपरीतून विचारलं आणि शामकलेचा हात वातीपाशीच थबकला. गुरांच्या कोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर, अजून ऊन होतं. कोंबड्यासुद्धा खुराड्याकडे वळल्या नव्हत्या.

“कार्तिक हाये मामीजी,” ती म्हणाली. “तुळशीपाशी लवकर लावतो. नेम हाये.”

“किती नेम करशीन बाई.” अनुसयाबाई पुटपुटल्या, पण त्यांना ते आवडलं होतं. पाणवठ्यावर त्या आवर्जून सांगत, आमची सून दिवस बुडायच्या आत दिवा लावते आणि घरचे सारे परत येईतो तिथून उठत नाही.

उठत नव्हती हे खरं. उठून जायचं कुठं? दिवस बुडाला की शामकलेच्या डोळ्यांवर कोणी ओलं घोंगडं टाकावं तसा अंधार पडे. बाकीच्यांना तेव्हा अंगण दिसत असे, भाताच्या तणशीचा ढीग दिसत असे, कोठ्यात शिरणाऱ्या गाईची शिंगं दिसत. तिला दिसे ती फक्त ज्योत आणि तिच्याभोवती ताटाएवढा उजेड. त्या ताटाच्या काठाशी ती हात जोडून बसून राही. लोक त्याला भक्ती म्हणत. तिनं ते म्हणू दिलं होतं, आणि रोज देवापुढे त्याची मनातून क्षमाही मागत होती.

लहानपणी माहेरी, मुर्रीला, असती तर तिनं थेट बापाला विचारलं असतं. मनिराम बैलगाडीतून गोंदियाच्या टेसनावर धान पोचवी आणि ही गाडीत पोत्यांवर बसून प्रश्न विचारी. काजवा पेटतो तर जळत काऊन नाही? एकाले जांभई आली का दुसऱ्याले काऊन येते? मांडी घालून बसलं का पायात मुंग्या कोठून येतात? मनिराम बैलांना हाकत म्हणे, “मले माहीत नाही बाई. पन इचारलं बरं.”

सासरी विचारायची रीत नव्हती. आणि आता जो प्रश्न घशाशी आला होता, तो तर विचारायची सोयच नव्हती. डोळ्यातला उजेड संध्याकाळी जातो कुठं, आणि सकाळी परत येतो कसा?

विचारलं की कळणार. दोन लेकरं आधीच नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली कायमची निजली होती. पोटात तिसरं होतं, सातवा महिना लागला होता. आखाडीच्या सुमारास अनुसयाबाई कोणाला तरी सांगत होत्या, ते तिनं भिंतीआडून ऐकलं होतं: “या खेपेले पोट्टं नाही टिकलं तं जियालालसाठी दुसरी पाहाच लागन.” नवरा जियालाल गोंदियात बिडीपत्त्याच्या गोदामात कामाला होता, आठवड्याला एकदा घरी येई. तो आईपुढं कधी बोलला नव्हता आणि याही गोष्टीत बोलणार नव्हता. त्यात सुनेचे डोळे गेले म्हटल्यावर दुसरी पाहायला कोणी थांबलंच नसतं.

म्हणून श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिनं महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून नवस बोलला होता: लेकरू मांडीवर येईतो पालेभाजी खाणार नाही, दूध, दही, तूप शिवणार नाही. तो नेम तिनं कडक पाळला. नुसता भात, मीठ, कधी वरण. आणि दसरा उलटला तेव्हापासून डोळे असे. नेमात काय चुकलं, ते तिला कळत नव्हतं.

घरात आणखी एक माणूस होतं, आणि संध्याकाळची खरी धास्ती त्याची. भासरा. जियालालचा थोरला भाऊ टेकचंद. त्याची बायको चमेली बाळंतपणातच गेली, तेव्हापासून एकटा. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यापुढं उभं राहू नये, त्याच्याशी बोलू नये, त्याची सावलीही अंगावर पडू देऊ नये. आणि त्यानं तिला शिवणं म्हणजे तर घराला विटाळ. म्हणून टेकचंद अंगणात पाऊल टाकण्याआधी खाकरत असे. खाकरण्याचा अर्थ एकच: मी येऊन राहिलो, बाजूला हो. शामकला डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून आवाजाच्या उलट दिशेला सरके. लग्नाला पाच वर्षं झाली होती. भासऱ्याचा चेहरा तिनं धड पाहिला नव्हता आणि त्याच्या तोंडचा एक शब्द तिच्यासाठी म्हणून आला नव्हता. तिच्या वाट्याला फक्त ते खाकरणं.

त्या दिवशी दिवा लागला, ऊन कवेलूंवरून उतरलं, आणि घरामागच्या वाडीकडून वासराच्या गळ्यातली घंटी वाजली.

“अवं, वासरू सुटलं वाटते.” अनुसयाबाईंचे हात पिठात होते. “जा, धरून आन. गाईजवर गेलं तं सारं दूध पिऊन टाकन.”

शामकला बसूनच राहिली.

“आयकू आलं नाही का?”

“आलं. जातो.”

ती उठली. ताटाएवढा उजेड मागं राहिला. हात भिंतीवर ठेवून ती निघाली. आधी सपरीचा खांब, मग माती सारवलेली भिंत, मग तणशीचा खरखरीत ढीग. तिथवर तिला पाठ होतं. तणस संपली की वाडी. वाडीत शेवग्याची, म्हणजे मुनग्याची, दोन झाडं आणि त्यांच्या पलीकडे विहीर, कठडा नसलेली. विहीर डाव्या हाताला, एवढं मनाशी धरून ती घंटीच्या मागं चालू लागली.

घंटी थांबली. मग पुन्हा वाजली, पण उजवीकडून. ती उजवीकडे वळली. एक पाय ढेकळावर पडला, तोल सावरताना ती गर्रकन फिरली, आणि क्षणभरानं तिला उमगलं की डावं कोणतं नि उजवं कोणतं हे आता तिला माहीत नाही.

ती उभी राहिली. पोटातलं लेकरू हललं.

तेवढ्यात खाकरण्याचा आवाज आला.

समोरूनच. तिनं झटक्यात पदर ओढला आणि पाठ फिरवून चार पावलं सरकली. खाकरणं पुन्हा आलं, या वेळी मोठ्यानं आणि घाईघाईनं. ती आणखी लांब सरकली. बाई गं, हे इतक्या जवळ कसे? किती लांब जाऊ? तिसऱ्यांदा तर तो खोकलाच होता, छाती फुटेस्तोवर काढलेला, आणि ती जवळजवळ पळालीच. पायाखालची माती गार लागली. ओलसर.

“थांब. इहीर हाये.”

पाच वर्षांत पहिल्यांदा. आणि त्या शब्दांबरोबरच एका हातानं तिचं मनगट धरलं आणि मागं ओढलं. बांगड्या कडकड फुटल्या. एक ढेकूळ तिच्या टाचेखालून सुटलं. ते पाण्यात पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, त्यात तिला सारं कळलं. ती ज्या आवाजापासून पळत होती, तो तिला परत बोलावत होता.

हात सुटला. टेकचंद मागं झाला असावा. अनुसयाबाई पिठाच्या हातांनी दाराशी आल्या होत्या. त्यांना सारं दिसत होतं: विहिरीच्या काठावर उभी सून, तिच्या मनगटावरचं रक्त, जमिनीवरच्या हिरव्या काचा आणि शेवग्याखाली खाली मान घालून उभा थोरला लेक.

“टेका,” त्या हळूच म्हणाल्या, “तू शिवला तिले?”



“मामीजी, त्यायले बोलू नोका.” शामकला खाली बसली. “मले दिसत नाही. दिवस बुडला का मले काहीच दिसत नाही. दिव्याचा नेम नोहता तो. खोटं होतं.”

आता घालवा मला मुर्रीला, असं ती मनात म्हणाली, आणि म्हणताना तिला हलकंही वाटलं. वासराची घंटी तेवढी वाजत होती. मग अनुसयाबाईंनी तिच्या काखेत हात घातला. पीठ तिच्या लुगड्याला लागलं. “ऊठ,” त्या म्हणाल्या. “पाय उचलून टाक. इथं पायरी हाये.”

सकाळी विटाळ फेडायला दोघांची अंघोळ झाली, आधी भासऱ्याची, मग तिची, तुळशीचं पान घातलेल्या पाण्यानं. देवाघरच्या रीतीला जे लागतं ते अनुसयाबाईंनी सोडलं नाही. पण माणूसही त्यांनी पाठवलं, ते मुर्रीला नाही, सुईणीकडे.

रुख्मिणी सुईण आली, तिनं शामकलेच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि हसली.

“रतौंदी हाये, रातआंधळं. पोटुशी बाईले होते. कोंबडी नाही पायली का? दिवसभर किडे टिपते आन सांजेले खुराड्याच्या दारातच ठेचकाळते.”

“पन काऊन होते?” शामकलेच्या तोंडून निघून गेलं. सासरी विचारलेला हा तिचा पहिला प्रश्न.

रुख्मिणीनं मान हलवली. “ते मले नाही सांगता येत. पोटातलं लेकरू मायच्या अंगातलं ओढून घेते, एवढं मले दिसते. ज्या बाया पाला खातात, दूध पितात, त्यायले होत नाही. बकऱ्याची कलेजी खाल्ली का लवकर उतरते.”

“कलेजी या घरात चालत नाही,” अनुसयाबाई म्हणाल्या.

“मंग मुनगा आना. वाडीत उभा हाये न तो. रोज त्याच्या पाल्याची भाजी, वरतून दूध.”

शामकला भिंतीला टेकली. “माया नेम हाये. पाला नाही, दूध नाही.”

“सोड मंग.”

“सोडू? दोन गेले मावशी. हे तिसरं मी देवाजवर नेम ठेवून मागितलं. सोडला आन याले काही झालं तं?” तिचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. “डोरे गेले तं जाऊ द्या. मी अंधारात पोसीन त्याले.”

“आन पाहासीन कशानं? बाळंतपणात तूच नाही राहिली तं पोसन कोन?”

देवाशी बोललेला शब्द मोड, असं कोणी कोणाला कसं सांगावं? नेम म्हणजे काही गाठोडं नव्हे, वाटेत टाकून द्यायला. अनुसयाबाई म्हणाल्या, “मोडता येत नाही. पन कावडीचा खांदा बदलता येते. घरातल्या दुसऱ्या मानसानं घेतला तं देव नाही म्हनत नाही. मी घेतो.”

“तू? भात दुधासंगंच गिळतं तू. तीन महिने नाही निघनार,” रुख्मिणी म्हणाली.

बाहेर सपरीत कोणी खाकरलं. शामकलेनं सवयीनं पदर ओढला, पण या वेळी ती सरकली नाही.

“माय,” टेकचंद खांबाकडे तोंड करून बोलला, जणू खांबालाच सांगत होता. “घरातल्या मानसाले सांग. नेम मी घेतो.”

त्यानं तुळशीपाशी ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं. काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्या दिवशी त्याच्या ताटात भात नि मीठ पडलं, आणि शामकलेच्या ताटात शेवग्याच्या पाल्याची भाजी. पहिला घास तिला गिळवेना. अनुसयाबाई समोर बसून राहिल्या, ताट रिकामं होईतो.

पौषात एका संध्याकाळी दिवा लावायच्या आधीच तिला तणशीचा ढीग दिसला. मग कोठा, मग विहीर. विहिरीला नवा कठडा होता. तो कधी बांधला गेला, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मुलगी झाली, आणि जगली. राजकुमारी नाव ठेवलं. दुसरीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. काही वर्षांनी अनुसयाबाई तृप्त मनानं वारल्या. राजकुमारी आईसारखीच निघाली, उठता बसता प्रश्न. पावसाचं पानी खारं काऊन नाही? मोठेबाबा भाजी काऊन खात नाही?

मोठ्याबाबांचा नेम लेकरू मांडीवर येईतोच होता. पण टेकचंदनं तो सोडला नाही. शामकलेनं एकदा जियालालकरवी विचारलं, तर उत्तर आलं, “पोरगी हाये तवर राहू दे.” देवाशी कोणी काय बोलला असेल, त्यात दुसऱ्यानं हात घालू नये. तिनं पुन्हा विचारलं नाही. भात नि वरण त्याच्या ताटात पडत राहिलं, आणि वर्षं सरत गेली.

राजकुमारी सासरी जाण्याजोगी झाली त्या वर्षी, कार्तिकातच, शामकला तुळशीपाशी उभी होती. दिवस बुडाल्यावर टेकचंद शेतातून आला. आता त्याचे केस पिकले होते, हातात काठी आली होती. कोठ्यापाशी तो थांबला, आणि त्यानं हात भिंतीवर ठेवला. मग बोटांनी चाचपत तणशीच्या ढिगापर्यंत आला. तिथं पुन्हा थांबला.

तो हात शामकलेनं ओळखला. भिंतीवर तसाच चालणारा एक हात तिला ठाऊक होता.

ती खाकरली. तिला वाटलं, त्याला दिशा कळेल. पण म्हातारा दचकला, आणि घरातली बाई समोर आहे म्हणून अदबीनं तोंड फिरवून उलट्या बाजूला, वाडीकडे वळला. विहिरीच्या कठड्याला त्याची काठी लागली तेव्हा कुठं तो थबकला.

दुसऱ्या दिवशी कवेलूंवर ऊन असतानाच तिनं दिवा लावला.

“माय, एवढ्या उजेडात दिवा कायले लावून राहिली?” राजकुमारीनं विचारलं.

“नेम हाये,” शामकला म्हणाली.

दिवस बुडाला. वाडीच्या तोंडाशी काठीचा आवाज आला आणि अडखळला. शामकलेनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, दिवा उचलला, आणि पाठ त्याच्याकडे करून घराच्या दिशेनं चालू लागली. पदरातून तिला स्वतःच्या पावलांपुरतंच दिसत होतं. मोकळ्या हातातल्या बांगड्या ती दर पावलाला मुद्दाम वाजवत होती. थोडं अंतर राखून, मागून काठी येत राहिली.