पावलांपुरतं गवत

बी पेरून झालं की स्वस्थ बसायचं, एवढं एकच काम उरतं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

आईने लहानपणी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नाही. जेवताना पाय हलायचे, झोपेत बोटं हलायची. सासरी आली तर नावही पाठोपाठ आलंच. आता कडेवर आठ महिन्यांची ठकी होती. प्रयोगशाळेतली नोकरी रजेवर टांगलेली होती. नवरा दूर पुलाच्या कामावर, सुट्टी मिळाली की उगवणारा. आणि घरामागच्या चौकोनात लॉनचं बी पडलेलं होतं.

लॉन ठकीसाठी. फरशीवर रांगून रांगून तिचे गुडघे लालेलाल व्हायचे. नवऱ्याने मागच्या सुट्टीत माती खणली, दगड वेचले, दाताळं फिरवलं, बी फेकलं. माती दाबायला शेवटी रूळ फिरवायचा होता, पण गाडीची वेळ झाली.

"राहू दे, पाणी मारलं की बसते माती," तो म्हणाला. मधोमध एक लांब फळी टाकली आणि बॅग उचलता उचलता बजावलं, "फळीवरून खाली पाय ठेवायचा नाही. कुणीच नाही. मांजरानेसुद्धा नाही."

"मांजराला तूच सांगून जा, माझं ऐकत नाही ते."

हसला, पण जाताना दारात घुटमळला. "महिनाभर बघू गं. नाहीच जमलं तर आईकडे राहायला जा दोघी, पुलाचं काम संपेपर्यंत. त्यात कमीपणा कसला?"

कमीपणा नव्हताच. सासूबाई प्रेमळ होत्या, फार प्रेमळ. बाळंतपणानंतर सहा महिने भिंगरी त्यांच्याकडेच होती. ठकीला अंघोळ त्यांनी घालायची, ठकी का रडते ते त्यांनी सांगायचं, आणि भिंगरीने दूध पाजून पोरगी परत त्यांच्या हातात द्यायची. आपल्याच लेकीची आपण दाई आहोत असं तिला वाटायला लागलं होतं. म्हणून ती हट्टाने इकडे आली. हा महिना निभावला तर ठकी तिची, नाहीतर पुन्हा ती दाई.

गवताआधी तण उगवलं. ते नेहमीच आधी उगवतं. त्याला कोण बोलावतं? घोळीची लाल देठं मातीला चिकटून पसरली, लव्हाळ्याचे भाले वर आले, आणि कसलीशी रुंद पानं तर जणू भाडं भरून राहायला आल्यासारखी ऐसपैस पसरली. त्यांच्यामध्ये खरं गवत कुठे कुठे केसासारखं दिसे, आणि दुपारच्या उन्हात तेही दिसेनासं होई.

तिने बियाणेवाल्याला फोन लावला.

"ताई, काही करू नका," तो म्हणाला. "औषध मारू नका, कोवळं गवतही जळेल. उपटू नका, तणाच्या मुळांबरोबर गवताचीही मुळं उखडतात. बोट-दीड बोट वाढलं की कापा. दोन-चार कापण्या झाल्या की निम्मं तण आपोआप जातं."

"आणि तोवर?"

"तोवर बघत बसा."

बघत बसा! हे भिंगरीला सांगायचं म्हणजे वाऱ्याला बाकावर बस म्हणण्यासारखं. काचेखाली नको असलेली पेशी हुडकून काढायची तिच्या डोळ्यांना सवय. दूध पाजताना खिडकीतून तिला लव्हाळा दिसे. भांडी घासताना घोळ दिसे. डोळे मिटले तरी रुंद पानं मिटत नसत. ठकी झोपली की ती चपला फळीच्या टोकाशी काढायची, अनवाणी फळीवर उकिडवी बसायची आणि हात पोचेल तिथवरचं तण उपटायची. तणाबरोबर मातीचा गड्डा यायचा आणि गड्ड्याबरोबर गवताचे तीन-चार केस. मग ते केस ती पुन्हा रोवायची. दुसऱ्या दिवशी ते मान टाकायचे. कळत होतं, पण वळत नव्हतं. फळीच्या दोन्ही बाजूंना टक्कल पडत चाललं होतं.

"काय गं, कशा आहात दोघी? येऊ का मी?" सासूबाई रोज फोनवर विचारत.

"नको आई, छान चाललंय."

त्या दिवशी वारा सुटला होता. ठकीला पलंगावर निजवून भिंगरीने चारी बाजूंनी उशांचा कोट रचला, खिडकी लावून घेतली, वरचं छोटं तावदान तेवढं उघडं ठेवलं आणि खुरपी घेऊन मागच्या दाराने बाहेर आली. पाच-सहा लव्हाळे उपटले असतील नसतील, तोच पाठीमागे दार धाडकन आपटलं. खटक्याचं कुलूप. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली आत खिळ्याला, फोन ओट्यावर, पुढचं दार आतून कडी घातलेलं.

आणि दाराच्या आवाजाने ठकी जागी झाली होती.

फळी दाराकडून कुंपणाकडे जात होती, खिडकी पार दुसऱ्या कोपऱ्यात. भिंगरी सरळ लॉनमधून धावली. खिडकी उंच. चवड्यांवर उभी राहिली तेव्हा कुठे डोळे काचेला लागले. ठकी उशांच्या मधोमध बसून ओठ काढत होती. आईचं तोंड दिसताच ओठ आत गेले, दोन्ही हात पुढे आले, आणि पोरगी एक उशी ओलांडून सरळ खिडकीच्या दिशेने रांगायला लागली. खिडकी आणि पलंग यांच्यामध्ये हातभर उघडी फरशी होती.

तोंड दाखवलं तर ठकी इकडे येणार आणि पडणार. नाही दाखवलं तर घाबरून कुठेही जाणार. ती पटकन खाली बसली. आत शांतता. पुन्हा चवड्यांवर उठली.

"कुक!"

ठकी थबकली. हा खेळ तिच्या ओळखीचा होता, आणि तो खेळताना ती बसायची, कारण टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे लागतात. फतकल मारून बसली आणि खिदळली.

भिंगरी खाली गेली आणि कुंपणाकडे मान वळवून ओरडली, "रंगारीदादा! अहो रंगारीदादा, धावा!" वर आली, "कुक!" खाली, "शिडी आणा, शिडी!" वर, "कुक!"

शेजारचा रंगारी जगाची घरं रंगवायचा. स्वतःच्या घराचे पोपडे वर्षानुवर्षं तसेच होते. बायकोची बोलणी खाऊन खाऊन नेमका त्या दिवशी तो घरची भिंत घासायला शिडीवर चढला होता. त्याला आधी वाटलं, शेजारीण कुणाशी तरी खेळतेय. मग "शिडी"तला सूर त्याने ऐकला आणि शिडीसकट कुंपण ओलांडलं. बूट घातलेले, लॉनमधून धाडधाड.

"बाजूला नका होऊ ताई, खेळत राहा," तो म्हणाला. वर चढला, तावदानातून खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपून कडी वर केली. खिडकीतून आत उतरला तेव्हा ठकी पलंगाच्या कडेशी होती. धुळीने पांढरा झालेला, मिशीवाला माणूस आभाळातून पडल्यासारखा समोर पाहून तिने जे भोकाड पसरलं, ते सगळी गल्ली ऐकत राहिली.

"रडू दे," रंगाऱ्याने दार उघडलं. "रडणारं पोर शाबूत असतं. पाणी प्या आधी."

ती पाणी प्यायली. ठकीला घट्ट धरून जमिनीवरच बसली, आणि कितीतरी वेळाने लक्षात आलं की तिच्या टाचा अजून उचललेल्याच आहेत.

"घरी सांगू नका," ती म्हणाली.

"मी कुणाला सांगतो? बायकोला फार तर."

तिने खिडकीच्या चौकटीवरचे हातांचे पांढरे ठसे पुसले, उशा झटकल्या. लॉनमधल्या पावलांवर दाताळं फिरवायला गेली, पण धीर झाला नाही. नुसतं पाणी मारलं. त्यानंतर ती तणाकडे फिरकली नाही. दाराला दगड लावायची, ठकी झोपली की तिच्याजवळ बसायची. हात शिवशिवायचे, ती ठकीची इवलीशी झबली पुन्हा पुन्हा घडी करायची. आणि रोज फोनवर "छान चाललंय" म्हणताना जीभ जड व्हायची.

मातीला मात्र काही लपवता येईना. जिथे जिथे पाऊल पडलं होतं तिथे बी मातीत दाबलं गेलं होतं, आणि तिथेच गवत दाट, हिरवंगार वर आलं. बाकी सगळीकडे विरळ केस आणि तण. दारापासून खिडकीपर्यंत अनवाणी पावलांची रांग, कुंपणापासून बुटांची, शिडीच्या पायांचे दोन ठसे, आणि खिडकीखाली तर गवताचा गुच्छच. आता फक्त वाचणारा येण्याची खोटी होती.

महिना भरला. नवरा आला, आईला घेऊनच आला. चहा घेऊन दोघं मागच्या दारात उभी राहिली आणि दोघांचेही कप तोंडापाशी थांबले.

"फळी ठेवली होती ना मी?" नवरा म्हणाला. "आणि हे बूट कुणाचे?"

भिंगरीने ठकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग सांगून टाकलं. वारा, दार, पलंग, सगळं, एका दमात. नवऱ्याने कप खाली ठेवला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी न्यायला आला असतास."

"आलोच असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

सासूबाईंनी चपला काढल्या, पहिल्या हिरव्या पावलात आपलं पाऊल ठेवून पाहिलं, मग दुसऱ्यात. दुसरं त्यांना पोचेना, इतकं लांब पडलं होतं. तशाच कडेकडेने खिडकीपर्यंत गेल्या आणि वाकल्या.

"टाच कुठेच नाही गं. नुसते चवडे." त्यांनी वळून पाहिलं. "आणि इथे काय नाचलीस?"

"कुक खेळत होते."

"सगळा वेळ?"

"रंगारीदादा येईपर्यंत."

सासूबाईंनी त्या गुच्छावरून हात फिरवला. नवरा घसा खाकरून म्हणाला, "आई, तू तिथे असतीस तर…"

"तर काय? दोघी मिळून बोंबललो असतो. मला खिडकीत चढता येतं का, काचेपर्यंत डोळे पोचतात का?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि मी हाका मारून मारून पोरीला खाली पाडली असती. तिला घेऊन कुठे जायचं नाही. एक किल्ली रंगाऱ्याकडे ठेवा, आणि तो खटका आजच्या आज काढ. अन् तू गं, पुन्हा 'छान चाललंय' म्हणालीस ना, तर दुसऱ्या गाडीने येऊन बसेन. वाईट चाललं तर वाईट म्हणायचं. म्हणशील?"

भिंगरीने मान डोलावली.

"आणि बी उरलंय का रे?" सासूबाईंनी लेकाला विचारलं. "रूळ फिरवायचा आळस केलास, म्हणून पावलांपुरतं गवत आलं. आता पायांनीच फिरव."

मग मोकळ्या जागी बी टाकून तिघंही अनवाणी, पावलाला पाऊल लावून चालू लागली. रंगाऱ्याने कुंपणावरून डोकावून विचारलं, "ही कवायत कसली?"

"तुम्हीही या, बूट घालून," भिंगरी म्हणाली. "तुमचं गवत सगळ्यांत दाट आलंय."

सासूबाईंच्या कडेवर ठकी झुलत होती. चालता चालता त्यांची नजर एका रुंद पानावर गेली, आणि न राहवून त्या वाकल्या.

"आई, हात लावू नका," भिंगरी म्हणाली.

"अगं, केवढं माजलंय!"

"माजू दे. कापणी झाली की जाईल."

सासूबाई वाकल्या होत्या तशाच थांबल्या. "बघ रे," लेकाला म्हणाल्या, "मला कोण सांगतंय!" आणि हात मागे घेतला.