विठोबाचा वार

बुधाजीच्या घरात बायकांच्या आठवड्याला सहाच वार होते. मंगळवार सरला की एकदम गुरुवार उजाडायचा. मधल्या दिवसाला त्या विठोबाचा वार म्हणत, कारण घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? सासू अंबाबाई चाळीस वर्षं असंच म्हणत आली होती. उखाण्यात काय नाव घेतलं असेल तेवढंच. सुंदरा लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला हे शिकवून झालं. बुद्धी हा शब्दसुद्धा नको, म्हणून गणपतीपुढे हात जोडून ती अक्कल मागायची. पळसदरीजवळच्या त्या गावात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुंदरालाही वाटत नव्हतं. जिभेला एकदा वळण लागलं की लागलं.

तिला सलत होतं ते वेगळंच. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत तिने माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. लग्नाच्या गडबडीत तिच्या माहेरचे लोक व्याह्याला पहिल्या पंगतीला बोलवायचं विसरले. बस, गुन्हा एवढाच. बुधाजी मांडवाच्या खांबाशी तासभर उभा राहिला आणि घरी येऊन त्याने जाहीर केलं की सुनेचा भाऊ माझ्या दारी गौरीच्या पंगतीला येऊन जेवेल, तेव्हाच सून माहेरी जाईल. भाऊ सदूही कमी नव्हता. येत नाही जा, म्हणाला. दोघे पुरुष आपापला मान सांभाळून बसले आणि सुंदरा चुलीपुढे अडकली. माहेर तिकडे खालापूरच्या अंगाला. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, इतकं जवळ.

यंदा श्रावणात निरोप आला की आईचं एक अंग लुळं पडलंय आणि ती सारखी लेकीला हाका मारते. सदूने मान गिळला. पंगतीला येतो, वार तेवढा कळवा, असं त्याने कळवलं. बुधाजी म्हणाला, मी आवतण धाडणार नाही, ज्याची गरज त्याने बघावं. सुंदराचा नवरा हिरामण कर्जतला रेल्वेच्या गँगवर कामाला होता. तिथे तो रूळ उचलायचा, पण घरी बापापुढे त्याला मानही उचलता येत नसे. म्हणून वार कळवायचं काम सुंदराच्याच गळ्यात आलं.

डोंगरावरच्या वाडीतली आवडी ठाकरीण पत्रावळींसाठी पानं घेऊन आली होती. तिची बहीण सदूच्या गावाशेजारच्या वाडीत दिलेली, आणि ती दोन दिवसांनी तिकडेच निघाली होती. सुंदराने तिच्या ओटीत दोन मापं तांदूळ घातले आणि भावाला जेवायला यायचा निरोप सांगितला.

"कंच्या वारी?" आवडीने विचारलं.

"इठोबाच्या वारी," सुंदरा म्हणाली. "इसरू नको गं."

आवडीने मान हलवली. सुंदराचा जीव भांड्यात पडला.

मग तयारी सुरू झाली. लढाई थांबून वर्ष झालं होतं, पण रेशन काही थांबलं नव्हतं. साखर मोजून मिळे, रॉकेलसाठी कर्जतला रांग लावावी लागे. तरी बुधाजीने ठरवलं होतं की पंगत अशी उठवायची की व्याह्याच्या पोराने बघत राहावं. सुंदराने वड्यांचं पीठ दळलं, मसाला कुटला, ओटा सारवला, गौरीच्या तिखट नैवेद्यासाठी बांधावरच्या खेकड्यांकडून बोटं फोडून घेतली. मंगळवारी तेरड्याची गौर घरात आली. नणंद पारूही नवऱ्याला घेऊन आली आणि आल्या आल्या पाय पसरून बसली, कारण ती माहेरी आली होती. गौर माहेरवाशीण, पारू माहेरवाशीण, आणि दोघींसाठी राबायला सुंदरा. तिला रडू आलं, पण ते कांद्यावर खपून गेलं.

बुधवारी दुपारी पानं मांडली. भाऊबंद आले, जावई बसला, हिरामणचे गँगवरचे दोन दोस्त बसले. बुधाजीच्या उजव्या हाताला एक पत्रावळ रिकामी होती. सुंदरा वडे तळत होती आणि दर घाण्याला दाराकडे बघत होती. एक वडा जळला, मग दुसरा जळला. बुधाजीने कुणाला घास घेऊ दिला नाही. सागुतीवर चरबीची साय धरली, भाताची वाफ गेली, दोस्त एकमेकांकडे बघू लागले. ओट्यावरचं ऊन सरकत उंबऱ्याशी आलं तेव्हा बुधाजी उठला, त्याने ती रिकामी पत्रावळ उचलली आणि स्वतःच्या हाताने गोठ्यात गाईपुढे टाकून आला.

"तीन वर्सांमागं उभा ठेवलान, आज बसवून ठेवलान," तो म्हणाला. "आता म्हायेराचं नाव या घरात निघायचं नाय."

सुंदराला वाटलं, घराला एकच दार होतं आणि ते आत्ता बंद झालं. सदूने असं का केलं? की आईचंच काही झालं? विचारायला माणूस नव्हतं. ती वाढत राहिली. कुणी रस्सा मागितला त्याला रस्सा, कुणी वडा मागितला त्याला वडा.

गुरुवारी गौर वाजतगाजत गेली आणि तिच्या मागोमाग पारूही गेली. शुक्रवारी एकादशी. बुधाजीच्या घरी उपास, चुलीवर रताळी. आणि दुपारी पाऊस झेलत सदू दारात उभा राहिला, काखेत लुगड्याची घडी आणि हातात नारळ. पंगतीला आलो, म्हणाला.

बुधाजी आधी हसला. मग त्याच्या कपाळाची शीर फुगली. उपासाच्या दिवशी जेवायला येऊन माझी थट्टा करतोस का, असं तो ओरडला तेव्हा शेजारचे दोघे-तिघे ओट्याशी येऊन उभे राहिले.

सदू गोंधळून गेला. "निरोप हाच हुता. इठोबाच्या दिवशी या. इठोबाचा दिवस म्हंजे एकादसी, आनखी काय? चार लोकांत बसवायचं नसंल, मागनं येकटाच ये असं म्हनायचं असंल, असं समजलो." त्याने नारळ खाली ठेवला. "आईसाठी तेबी गिळलं, मामा."

दाराआड सुंदराला सगळं लख्ख कळलं. आवडीच्या वाडीत कुठला विठोबा आणि कुठला त्याचा वार. तिने निरोप जसा समजला तसा दिला होता, वाराचा दिवस करून. ज्या मानापायी ही पंगत घातली, त्याच मानाने पंगतीचा पाहुणा दोन दिवस लांब ठेवला होता.

"खोटं हाय," बुधाजी म्हणाला. "कंच्या दिवशी बोलावलं हुतंस त्याला? सांग गं सूनबाई, समद्यांसमोर सांग."

सुंदराने पदर डोक्यावर ओढला आणि उंबऱ्यापर्यंत आली. इठोबाचा, असं तिच्या तोंडात आलं. पण तेच पुन्हा सांगितलं तर घोळ कुणाला कळणार नव्हता; भाऊ खोटा, ती खोटी, आणि आई तिकडे हाका मारत मरणार. जीभ टाळूला चिकटली होती.

"बुधवारी," ती म्हणाली. "बुधवारी बोलावलं हुतं, मामंजी. मला बुधवार म्हनता येत नव्हतं, म्हनून चुकलं."

नाव तोंडातून गेलं होतं. एकदा नाही, तीनदा. बुधाजीचा चेहरा काळवंडला. चूक कुठे झाली ते त्यालाही कळलं असणार, तो काही खुळा नव्हता. पण चार लोक बघत होते, आणि सुनेने आपलं नाव घेतलं याच्यापुढे त्याला दुसरं काही दिसेना.

"सासऱ्याचं नाव घेते," तो म्हणाला. "घाला हिला घराभाईर. जा घेऊन तुझ्या बहिनीला, आत्ताच्या आत्ता. म्हायेरी बसून शिकू दे मान कसा ठेवतात ते."

तीन वर्षं पाया पडून जे झालं नाही ते शिक्षा म्हणून झालं. सदू लगेच अंगणात उतरून उभा राहिला. न जाणो, म्हाताऱ्याचं मन पालटायचं. हिरामण कामावर होता, त्याला संध्याकाळी कळणार होतं.

अंबाबाईने आत बोचकं बांधलं. दोन लुगडी घातली, विहिणीसाठी चार गरम रताळी फडक्यात गुंडाळली. गाठ मारता मारता तिचे हात थांबले. बाहेर बघून घेत, आवाज खाली आणून तिने विचारलं, "नाव घेताना जीभ जड नाय झाली?"

"झाली," सुंदरा म्हणाली. "पैल्यांदाच. मंग नाय."

अंबाबाईचे ओठ काहीतरी जुळवल्यासारखे हलले, पण आवाज आला नाही. तिने गाठ घट्ट केली आणि बोचकं सुनेच्या हातात दिलं.

"परत कवा येशील?"

सुंदराने उंबरा ओलांडला, मागे वळून सासूच्या पाया पडली.

"येईन," ती म्हणाली. "बुधवारी."

कुठल्या बुधवारी ते तिने सांगितलं नाही, आणि अंबाबाईला तो वार तोंडाने घेऊन विचारता येईना.