अंगठ्यावरची चादर

माझे बाबा दुखण्याची वाट बघतात असं मी कुणाला सांगितलं असतं, तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. मलाही आधी वाटायचं की म्हातारा नुसता हट्टी आहे.

बाबा शिंपी. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. आता दुकान मी चालवते. पॅन्ट आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पडदे शिवायचे. कुणी कोट आणला तरच बाबा मशीनवर बसतात, कारण कोटाच्या बाबतीत त्यांचा पोटच्या पोरीवरही भरवसा नाही. त्यांना गाऊट आहे. रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं, त्याचे बारीक खडे सांध्यात साचतात आणि एक दिवस पायाचा अंगठा वांग्यासारखा होतो. नुसता कपडा लागला तरी माणूस ओरडतो. डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक दुखेल तेव्हाची, दुसरी रोजची. दुखो न दुखो, ही दुसरी जन्मभर घ्यायचीच, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

पण आमच्याकडे गरज सरो, वैद्य मरो. त्यात दुकानात दिवसभर ठाण मांडून बसणारे हॉर्नकाका. हे रिटायर झालेले बस ड्रायव्हर, आवाज असा की गिऱ्हाईक दारातच दचकावं. त्यांनाही गाऊट. त्यांचं म्हणणं, गाडी नीट चालत असताना बॉनेट उघडायचं नाही. रोज गोळी घ्यायची म्हणजे आपण रोज आजारी आहोत असं कबूल करायचं, वर त्या गोळीने किडन्या जातात. मी म्हणायचे, काका, किडन्या त्या खड्यांनी जातात, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. पालथ्या घड्यावर पाणी. बाबा या वादात कधीच पडले नाहीत. सुईत दोरा ओवत ऐकत राहायचे.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. किडन्या निम्म्यावर आल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच चाललं तर आधी डायलिसिसच्या मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागेल, आणि या वयात ते किती दिवस सोसेल सांगता येत नाही. रोजची गोळी घेता ना, असं त्यांनी विचारलं. बाबांनी मान डोलावली. घरी आल्यावर मी सगळं उलथंपालथं केलं. एका गिऱ्हाइकाने कधी नेलाच नव्हता असा कोट मागे लटकत होता, त्याच्या खिशात गोळ्याच गोळ्या. पलंगाखाली बिअरच्या बाटल्या. बिअर म्हणजे गाऊटला आमंत्रण, हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

बाटल्या आणणारे हॉर्नकाकाच असणार. मी त्यांना असं काही फैलावर घेतलं की समोरचा चावीवाला उठून बघायला आला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात बोलले, आणि त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मी नको म्हणत होतो. तुझा बाप म्हणतो, दुखून फार दिवस झाले, आता दुखायला हवं. मला त्याची भीती वाटते गं."

त्याच आठवड्यात भर दुपारी अंगठा उठला. चावीवाल्याला दुकानाकडे बघायला सांगून मी दुखायची गोळी आणि पाणी घेऊन वर गेले. बाबा उताणे पडले होते. घामाने चिंब, ओठ दाताखाली धरलेला. पण अंगात धुतलेला शर्ट होता, केस पाणी लावून विंचरलेले होते आणि डोळ्यांत कोण आनंद!

पायाशी चादर वर उचललेली होती. बरोबर अंगठ्याच्या वर, चार बोटं उंच. मला वाटलं खाली खोकं ठेवलं असेल, म्हणून वाकून बघितलं. खाली काही नव्हतं. सुजलेला पाय आणि त्यावर मोकळी जागा. चादरीला मधोमध चुण्या पडल्या होत्या, चिमटीत धरल्यावर पडतात तशा. आणि पायाशी गादीची कड दबलेली होती.

आई जाऊन तीन वर्षं झाली. ती असताना दर दुखण्यात अशीच पायाशी बसायची. बाबांना चादर नसली तर थंडी वाजे आणि असली तर अंगठ्याला सोसत नसे, म्हणून ती चिमटीत धरून बसून राहायची. एक हात भरून आला की दुसरा. मी एकदा पुठ्ठ्याचं खोकं कापून आणून दिलं, तर मलाच हसली. म्हणाली, खोक्याला कळतं का हे कूस कधी बदलणार ते?

मी बसायला गेले तसे बाबा घाईने म्हणाले, "तिकडे नको. तिथे ती बसलीये."

पळून जावंसं वाटलं. पण हातातली गोळी तेवढी पुढे केली. बाबांनी तोंड फिरवलं.

"गोळी घेतली की दुखत नाही," ते म्हणाले. "आणि दुखल्याशिवाय ती येत नाही."

भीतीच्या मागून मला राग आला. खरं सांगते, आधी आला तो मत्सराचा राग. तीन वर्षं मी या घरात आईसाठी रडले, तिचं स्वेटर उशाला घेऊन झोपले, आणि माझ्याकडे ती एकदाही फिरकली नव्हती. मग बाबांचा पिवळा पडलेला चेहरा दिसला आणि मत्सर बाजूलाच राहिला. हा माणूस हसत हसत मरणार होता, माझ्या डोळ्यांदेखत, आणि शहाणपण औषधालाही शिल्लक नव्हतं.

मी त्या दबलेल्या कडेकडे बघून बोलले. "आई, यांच्या किडन्या चालल्यात. तू अशी येत राहिलीस तर हे गोळी घेणार नाहीत. मला एकटीला टाकून तुझ्याकडे येतील. तुला तेच हवंय का?"

बाबा ओरडले, गप्प बस म्हणाले. चादरीच्या चुण्या थरथरल्या.

"सोड ती चादर," मी म्हणाले. "आणि परत येऊ नकोस."

तेव्हा माझं मनगट कुणीतरी धरलं. बोटं थंडगार होती. लहानपणी रस्ता ओलांडताना आई धरायची तसं घट्ट धरलं. मी सोडवून घेतलं नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग पकड सुटली, गादीची कड वर आली आणि चादर अंगठ्यावर पडली. बाबांची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली. आधी त्यांनी तिला हाका मारल्या. खूप मारल्या. मग रडत रडत माझ्यापुढे हात पसरला आणि गोळी मागितली.

दुखणं ओसरल्यावर त्यांनी रोजची गोळी सुरू केली. सुरुवातीला या गोळीनेही अंगठा उठू शकतो, घाबरून बंद करायची नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं. तसा तो एकदा उठलाच. बाबा दिवसभर पायाकडे टक लावून होते. चादर सपाटच पडून राहिली. संध्याकाळी मी खोकं कापून ठेवलं, तर भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरबाई खूश. हॉर्नकाकांनीही गोळी सुरू केली आणि हा शोध आपलाच असल्यासारखे ते आता गिऱ्हाइकांना उपदेश करतात. बाबा चालायला लागले, दोन कोटही शिवले. माझ्याशी मात्र कोटापुरतं बोलायचे. समोर गोळी ठेवली की गिळायचे, तोंड उघडून दाखवायचे आणि उठून जायचे. मी म्हणायचे, जिवंत आहेत ना, मग रुसू देत.

काल सकाळी गोळी समोर ठेवली, तर घेईनात. मग त्यांनी विचारलं, "जाताना तुला काही म्हणाली का ती?"

"काही नाही म्हणाली," मी म्हणाले. "नुसतं मनगट धरलं."

"कुठे?"

मी बाही वर केली. भर उन्हाळ्यात मी पूर्ण बाह्या घालते, ते का हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कापडातली शिवण चाचपावी तशी त्यांची बोटं माझ्या हातावरून फिरली.

"इथे?"

"जरा खाली."

बोटं थांबली. तिथे अजून गार लागतं. बाबांनी माझं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि त्यावर कपाळ टेकलं, आणि आम्ही दोघंही रडलो. मग एक हात तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने गोळी तोंडात टाकली आणि तोही हात परत मनगटावर ठेवला. पाण्याचा पेला मलाच त्यांच्या ओठांना लावावा लागला.