लेबल सुलट वाचलं तेव्हा

रक्तपेढीत तिला सगळे ‘एकोणपन्नास’ म्हणत. एकोणपन्नास वेळा रक्त देऊन झालं होतं आणि पन्नासावी वेळ काही केल्या येत नव्हती. मुलीच्या जन्माच्या वेळी कुणा अनोळखी माणसांच्या दोन पिशव्या रक्तावर ती वाचली होती. शुद्धीवर येताच आपण पन्नासदा रक्त देणार, असं तिने जाहीर करून टाकलं. बाळंतिणीचं बोलणं कोण मनावर घेतं? तिने घेतलं. आता सहा आठवड्यांत तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि साठीनंतर कुणाचंही रक्त घ्यायचं नाही, हा तिथला नियम होता.

सुईला न घाबरणाऱ्या या बाईला अडवलं होतं एका थेंबाने. रक्त घेण्याआधी बोटातला एक थेंब निळ्या द्रावणात सोडतात. बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर दाता घरी. तिचा थेंब तरंगला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यातली एकही तिने चुकवली नाही. तरी तीन महिन्यांनी पठ्ठ्या पुन्हा वरच. त्या दिवशी घरी येऊन ती चक्क रडली.

आणि तब्येतीची हेळसांड करणारी ती नव्हतीच. पूरक आहाराच्या कॅप्सूल बनवणाऱ्या कारखान्यात ती लेबलं तपासायची. काळ्या चहाच्या अर्काची कॅप्सूल तिथे सगळ्यात जास्त खपायची. आत तपकिरी पूड, बाहेर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असं ठळक अक्षरांत. कामगारांना ती फुकट मिळे. ही दोन वर्षं रोज नाश्त्याला एक घ्यायची, आणि लोहाची गोळी आली तशी तीही त्याच घोटाबरोबर. दोन्ही चांगल्याच, मग दोनदा पाणी कशाला प्या?

लेबल तपासायची तिची पद्धत कारखान्यात प्रसिद्ध होती. ती उलटं वाचायची, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत. सुलट वाचलं की मन अर्थामागे धावतं आणि चुकीची वेलांटी हातावर तुरी देऊन निसटते, असं तिचं म्हणणं. तिच्या नजरेतून एकही अनुस्वार सुटला नव्हता, आणि याचा तिला भारी अभिमान होता.

नवऱ्याची सवय नेमकी वेगळी. दिसेल ते मोठ्याने वाचायचं. दुकानांच्या पाट्या, साबणाचं वेष्टण, तिकिटाची मागची बाजू. पस्तीस वर्षं तिचे कान किटले होते. त्या सकाळी पेपर आला नाही, म्हणून त्याने टेबलावरची कॅप्सूलची बाटली उचलली आणि भाषण द्यावं तसं सुरू केलं. ती नेहमीप्रमाणे दुर्लक्ष करून दोन्ही गोळ्या तळहातावर घेत होती, तोच तो म्हणाला, “लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं.”

तिचा हात तोंडापाशीच थांबला.

“पुन्हा वाचा.”

त्याने वाचलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “अगं, हे लेबल तूच पास केलंस ना? वाचलं नव्हतंस?”

“वाचलं की,” ती म्हणाली. “उलटं.”

दोघं इतके हसले की त्याला ठसका लागला. हसता हसताच तिने डॉक्टरांना फोन लावला. चहातल्या काही घटकांमुळे गोळीतलं लोह अंगी नीट लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. कॅप्सूल सध्या बंद, गोळीच्या आगेमागे चहाही नको, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. सहा आठवडे पुरतील का, यावर त्यांनी वचन दिलं नाही. पण तिला काय त्याचं! अंगात वारं शिरल्यासारखी ती कामावर गेली आणि दिसेल त्याला हाताला धरून लेबल वाचायला लावू लागली, सुलट. घरी जेवताना ती स्वतःहून नवऱ्यापुढे लोणच्याची बरणी सरकवून म्हणायची, वाचा.

साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दोघं रक्तपेढीत पोचले. तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा भिंतीवरचं पोस्टर खड्या आवाजात वाचत होता आणि कुणीही त्याला गप्प करत नव्हतं. सिस्टरने बोट टोचलं, नळीतून थेंब सोडला. थेंब खाली गेला आणि मध्येच घुटमळल्यासारखा वाटला. पोस्टर थांबलं. आणि थेंब सरळ तळाशी जाऊन बसला.

“झोपा, काकू,” सिस्टर म्हणाली, “आता तुम्हाला काय म्हणायचं ते आम्हाला नव्याने ठरवावं लागणार.”

पिशवी भरत होती तेव्हा ती छताकडे बघत नुसती हसत होती. मुलीचा जन्म तिला आठवत होता, आणि ती दोन अनोळखी माणसं, ज्यांची तोंडं तिने कधी पाहिली नाहीत. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं तरी तिने पुसलं नाही.

निघताना सिस्टरने प्रमाणपत्र हातात दिलं. नवरा वाचायला पुढे झाला, पण तिने ते त्याच्या हाती दिलं नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ते तिने स्वतः वाचलं, मोठ्याने. ‘ऐच्छीक रक्तदान, पन्नासावे.’

“ऐच्छिकची पहिली वेलांटी हवी ना गं?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“असेल,” ती म्हणाली आणि कागद पर्समध्ये ठेवला.