चिमट्यावरचे पट्टे

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तीन नंबरच्या पिल्लाने रुईवरची पट्टेदार अळी गिळली. दोन मिनिटांत ती ओकून टाकली आणि पुन्हा चोच वासली.

आत्याने वेळ टिपून घेतली. पक्षी-संगोपन केंद्रात सगळे तिला आत्याच म्हणत, कारण ती सगळ्यांना ओरडायची. टाकून दिलेली ही आठ पिल्लं डोळे उघडायच्या आधी तिच्या हाती आली होती. चाळीस दिवस तिने त्यांना चिमट्याने भरवलं होतं. अकरा वाजता गाडी त्यांना दरीत सोडायला निघणार होती. त्याआधी ही शेवटची परीक्षा.

परीक्षा साधी होती. ती अळी रुईचं विष अंगात साठवते आणि काळे-पिवळे पट्टे मिरवते. पट्टे म्हणजे दारावरची पाटी: आत याल तर पस्तावाल. पण ही पाटी वाचायला या पक्ष्यांना एकदा तोंड पोळूनच घ्यावं लागतं. एक पिल्लू खातं, ओकतं, त्याला जन्माची अद्दल घडते. शेजारची नुसती बघून शिकतात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. अळी जितकी ठळक, तितकी ती ध्यानात राहते आणि तिच्या भावंडांवरची चोच टळते. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ठळक अळ्याच टिकल्या.

इथे मात्र तीन नंबर दुसरी अळी मागत होतं, आणि जाळीपलीकडची चार आणि सात नंबरही माना ताणून पुढे सरकली होती.

"काय हो आत्या, हे तर सासुरवाडीला आल्यासारखं वागतंय," केंद्राचे डॉक्टर म्हणाले. "ओकून झालं, आता आणखी वाढा!"

"हसताय काय? दुसरी खाल्ली तर?"

"तर हृदयावर जाईल. एवढ्याशा जिवाला दोन पुष्कळ झाल्या." डॉक्टरांचं हसू मावळलं. "आणि दरीतली रुई सध्या अळ्यांनी लगडलीय."

ओकलेली अळी उचलायला आत्याने चिमटा आत घातला. तीन नंबर झेपावलं ते अळीकडे नव्हे, चिमट्याकडे.

आत्याने चिमट्याकडे पाहिलं. ओल्या हातातून निसटतो म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने त्याला टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली होती. गोदामाच्या पायऱ्यांवर लावतात ती. काळी-पिवळी.

पट्टी सोलून खिशात टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. डॉक्टर रोज तोच चिमटा बघत होते, त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळं पिल्लांच्या जातीवर ढकलता आलं असतं.

"डॉक्टर, मीच शिकवलंय यांना," ती म्हणाली आणि चिमटा पुढे धरला. "काळं-पिवळं आलं की जेवण आलं."

डॉक्टरांनी चिमटा उलटसुलट फिरवला. "चाळीस दिवस माझ्या नाकासमोर होता की हो हा!"

"गाडी रद्द करा. मी साधा चिमटा घेते."

"त्याने शिकलेलं पुसलं जाणार नाही. हाच चिमटा कडू लागायला हवा. आणि तुमच्याच हातून."

"दुसऱ्या कुणी भरवलं तर नाही चालणार?"

"दुसऱ्याच्या हातचं ही घेतात तरी कुठे?"

तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला. "आत्या, खोके कधी भरायचे?"

"आज नाही रे बाबा," आत्या म्हणाली. "जा तू."

पिठातल्या साध्या अळ्या कडू औषधात बुडवून तिने पट्ट्यांच्या चिमट्यात धरल्या. तीन नंबरने पहिली निमूट घेतली, मान झटकली, चोच फांदीवर घासली आणि आत्याकडे बघत राहिलं. मग पुन्हा पुढे आलं. तिने पुन्हा कडूच दिली. तिसऱ्यांदा ते कोपऱ्यात जाऊन पाठमोरं बसलं.

"लागू पडतंय," डॉक्टर हळूच म्हणाले.

"दिसतंय मला," आत्या खेकसली.

आठही पिल्लांशी तीन दिवस हेच चाललं. पट्ट्यांच्या चिमट्यातून कडू, साध्या चिमट्यातून चांगलं.

चौथ्या दिवशी साडेआठ वाजता सात पिल्लांनी पट्टेदार अळीकडे पाठ फिरवली आणि साध्या चिमट्यातला घास घेतला. तीन नंबरने अळी नाकारली, घासही नाकारला; आत्याच्या हातचं काहीच त्याला नको होतं. त्याचं वजन आदल्या दिवसापेक्षा सहा ग्रॅम कमी भरलं. दहा वाजता डॉक्टर त्याला नळीने भरवायला उपचाराच्या खोलीत घेऊन गेले. सव्वादहापर्यंत ते बाहेर आले नव्हते.